जागो बघू नको

देवगड बंदरात, बर्फ कारखान्याच्या मागच्या खोलीत
मच्छीमार सोसायटीचा सर्व्हर आहे.
भिंतीला खार फुटलेला, एसीला गंज,
सुरमईच्या क्रेटांचं पाणी
उंबऱ्याला टेकून थांबलेलं.

आज आठ डिस्क नव्या आल्या.
कोऱ्या. म्हणजे अगदीच कोऱ्या:
फोल्डर नाही, फाइल नाही, आखलेली रेघ नाही.
आमच्या डेटाबेसला अशाच लागतात.
मधे मुकादम नको त्याला,
स्वतःच मोजतो, स्वतःच मांडतो.

पूर्वी मी हे हाताने करायचे.
एकेक डिस्क, एकेक आज्ञा,
आठ वेळा तेच, आठव्यांदा जांभई.
त्या जांभईतच झालं.

मार्चमधली गोष्ट. रात्री दोनला लाइट गेली,
जनरेटर खोकत खोकत सुरू झाला,
सर्व्हर उठला तो
डिस्कांची नावं बदलूनच उठला.
काल 'ब' होती ती 'क',
'क' गेली 'ड'च्या जागी.
यंत्राच्या लेखी चूक काहीच नव्हती,
जी आधी जागी झाली तिला आधीचं अक्षर.
मी 'क' पुसली.
तिच्यात तीन महिन्यांची बर्फाची उधारी होती.
बॅकअपचं विचारू नका.
विचारून झालंय सगळ्यांचं.

सलीम फणसोपकर, बर्फाचा हिशेब बघणारे,
संध्याकाळपर्यंत पेनचं टोपण काढत, घालत बसले.
बातमी जेटीवर गेली.
सकाळी जयवंती कुबल दारात उभी:
"माज्यो बावीस लादयो. लिवन घे."
मग आणखी आले.
सगळे नाही आले.
कोण नाही आलं ते फणसोपकरांना पाठ आहे,
मला अजून सांगितलेलं नाही.

बाबा होड्यांवर नंबर रंगवायचे.
लहानपणी मी आमची होडी शोधायचे
काल होती तिथेच,
आणि चढायचे दुसऱ्याच कुणाच्या होडीत.
भरती रात्रीतून सगळ्यांच्या जागा बदलते.
बाबा ब्रश न थांबवता म्हणायचे,
"जागो बघू नको गो. लंबर बघ."

तीस वर्षांनी तेवढंच मी स्क्रिप्टमध्ये लिहिलं.
प्रत्येक डिस्कच्या पोटात कारखान्याने दिलेला क्रमांक असतो,
लाइट गेली तरी तो बदलत नाही.
स्क्रिप्ट आधी तो विचारते,
त्या क्रमांकाला नाव बांधते, पक्कं:
साठा एक, साठा दोन.
मग चावी डेटाबेसच्या हातात.
नाही, त्याच्याही आधी
तिथे काही लिहिलेलं आहे का ते बघते.
एक खूण जरी सापडली
तर थांबते, मला हाक मारते.
पुसत नाही.

अख्खी दुपार जायची, तिथे आता एक मिनिट अकरा सेकंद.
उरलेल्या दुपारी मी मीटरचं रीडिंग घेते,
दाराशी सरकलेलं पाणी झाडूने मागे ढकलते.

आज चालवली. सहा डिस्क झाल्या.
सातव्या डिस्कवर थांबली:
इथे काहीतरी आहे.

नवी म्हणून विकलेली डिस्क.
रत्नागिरीचा पुरवठादार फोन उचलेना.
आत कुणाच्या तरी दुकानाच्या तारखा,
जुना, अर्धवट हिशेब,
कुणाचा ते कळेना.

"पुसून टाक ना," फणसोपकर म्हणाले.
मी त्यांच्याकडे बघितलं.
त्यांनी पेनचं टोपण घातलं.

डिस्क काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली,
वर मार्करने तिचा क्रमांक लिहिला, बाबांसारखा,
शेपटीला किंचित वळण देऊन.
फळीवर ठेवली.

स्क्रिप्ट पुन्हा चालवली.
सातवी खाच रिकामी.
तिने आठवीला पुढे ओढलं नाही.
साठा सहा.
साठा आठ.